गोडाचा नियम

धनश्री मगदूमला पगार मिळायचा तो लोकांच्या तक्रारींचा, आणि स्वतःची तक्रार मात्र तिला जन्मात कधी करता आली नव्हती. सांगलीच्या वीज तक्रार केंद्रात ती कामाला होती. आता तिथले बहुतेक फोन यंत्रच घ्यायचं. 'आपल्या भागात दुरुस्ती सुरू आहे' एवढं सांगायला माणूस कशाला लागतं? पण काही लोकांचं यंत्राचा आवाज ऐकला की डोकंच फिरतं. त्यांना माणूसच हवा असतो, तोही शिव्या घालायला. असे सगळे फोन फिरून फिरून धनश्रीकडे यायचे. ती ऐकून घ्यायची. "तुमची अडचण कळली मला," म्हणायची. शेवटी समोरचा माणूसच ओशाळायचा आणि "तुमच्यावर राग नाही हं बाई," म्हणून फोन ठेवायचा.

अशा बाईला त्रेचाळिसाव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ लागली. तिनं काय करावं? नणंदेचं, स्नेहलचं लग्न तोंडावर होतं, म्हणून ती गप्प बसली. लग्नघरात कशाला विषय काढायचा, असं तिला वाटलं. मांडव उतरला, पाहुणे गेले, तेव्हा कुठं तिनं नवऱ्याला सांगितलं. तोवर गाठ वाढलेली. मिरजेच्या दवाखान्यात स्तन काढावा लागला, आणि पुढं औषधांचं ते सगळं नष्टचर्य, ज्यात केस जातात, चव जाते आणि माणूस घरातल्या घरात पाहुण्यासारखं राहतं.

त्या दिवसांत तिला सांभाळलं ते सासूनं. आक्कानं. आक्का म्हणजे जेवण झाल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय ताटावरून न उठणारी बाई. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि जेवणावर गूळ, लहानपणापासूनची सवय. सुनेला शस्त्रक्रियेला आत नेलं त्या सकाळी आक्का बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेली, मुनिमहाराजांपुढं हात जोडले आणि नियम घेतला: गोड बंद. गूळ नाही, साखर नाही, खीर नाही, प्रसादाचा पेढासुद्धा नाही. आणि कधीपर्यंत, तर "माझी सून स्वतःच्या तोंडानं 'मी बरी झाले' म्हणंल तवर."

जैनांच्या घरांतून असे नियम घेतात, त्यात नवल काही नाही. पण हा नियम आक्काच्या जिभेवर होता आणि त्याची किल्ली धनश्रीच्या जिभेवर. त्याचा ताप पुढं कुणाला होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

दीड वर्षानं नवा स्तन बसवायचं ठरलं.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. स्तन काढला की छातीच्या कातडीला जाणीव देणाऱ्या बारीक नसाही तुटतात. पोटाची चरबी घेऊन, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून डॉक्टर नवा स्तन उभा करतात. दिसायला तो अगदी जुन्यासारखा असतो, पण मुका. हात लावला तर नुसतं दडपल्याचं कळतं, तेही फासळीला. बायका सांगायच्या, आपल्याच अंगावर कुणीतरी उशी बांधून ठेवल्यासारखं वाटतं. त्यावर आता उपाय निघाला होता. कातडीखाली पापुद्र्याइतकी पातळ एक जाळी बसवायची. तिच्यातली काही टोकं स्पर्श टिपतात, आणि काही टोकं तुटलेल्या नसांना विजेची अगदी हलकी चुणूक देतात. स्पर्श झाला की जाळी नसेला कळवते आणि नस मेंदूला.

अडचण एवढीच की कुठल्या स्पर्शाला कसली चुणूक द्यायची, हे जाळीला माहीत नसतं. प्रत्येक बाईच्या नसा वेगळ्या जागी तुटलेल्या. म्हणून जाळीला शिकवावं लागतं. कापूस लावायचा, बर्फ लावायचा, सुईचं टोक टेकवायचं, आणि दर वेळी बाईला विचारायचं, जाणवलं ते बरोबर आहे का? ती 'नाही' म्हणाली की यंत्र दुसरी चुणूक देऊन बघतं. ती 'हो' म्हणाली की तेच पक्कं करतं. सुरुवात मात्र प्रत्येक वेळी सौम्य उबेनं होते, कारण ऊब लागून कुणी दचकत नाही. मग हळूहळू नसांची नवी टोकं जाळीत गुंतत जातात, आणि सात-आठ महिन्यांत ती वीण अशी घट्ट होते की पुन्हा बदलता येत नाही.

शिकवणीच्या खोलीत तिघं गेली. धनश्री पलंगावर, आक्का समोरच्या खुर्चीत कापडी पिशवी मांडीवर घेऊन, आणि नवरा अभिनंदन दाराशी उभा. फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. कुठलंही बंद पडलेलं यंत्र हातात घ्यायला न घाबरणारा हा माणूस त्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्याकडे टक लावून बघत होता. बायकोकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

शिकवणारी नौशीन मुजावर तिशीतली, मोकळी, हसरी पोरगी. तिनं डाव्या बाजूला कापूस फिरवला. "काय जाणवलं, मॅडम? कापसासारखं? बरोबर वाटतंय?"

धनश्रीला मंद ऊब जाणवली. कापूस काही गरम नसतो, हे तिला कळत होतं. पण इतक्या महिन्यांनी तिथं काहीतरी जाणवलं होतं, आणि पोरगी इतक्या आशेनं विचारत होती.

"हो, बरोबर."

मग बर्फ. पुन्हा तीच ऊब. धनश्रीनं डोळे उघडले. समोर आक्का हात जोडून बसली होती, ओठ हलत होते. दोन वर्षांत तिचे गाल बसले होते. दिवाळीत घरभर लाडूंचा वास सुटलेला असताना ही बाई स्वयंपाकघरात भाकरी आणि आमटी खाऊन उठली होती, तेही 'मला काय गोडाची एवढी हाव न्हाई' असं म्हणत.

"बरोबर आहे का, मॅडम?"

"हो," धनश्री म्हणाली. "बरोबर आहे."

मग सुई. मग ऊन पाण्याची पिशवी. मग अंगठ्याचा दाब. हो, हो, हो.

"एवढ्या पटकन?" नौशीनला नवल वाटलं. "बाकीच्या बायका महिना महिना भांडतात माझ्याशी."

"आमची सून गुणाची हाय," आक्का म्हणाली. "कुणाला तरास द्यायचा स्वभाव न्हाई तिचा." आणि मग पुढं वाकून, "आता बरं वाटालंय न्हवं, पोरी?"

"बरी झाले मी, आक्का," धनश्री म्हणाली.

आक्कानं पदरानं डोळे पुसले. गोड मात्र लगेच तोंडात घातलं नाही. दोन वर्षांचा नियम असा दवाखान्यात सोडायचा नसतो. भावकीला बोलवायचं, खपलीच्या गव्हाची खीर करायची आणि सगळ्यांच्या देखत सुनेच्या तोंडून ऐकून मग पहिला घास घ्यायचा, असं तिनं ठरवलं. स्नेहल बाळंतपणाला यायची होती. ते निभलं की थंडीत.

आता सगळं मार्गी लागलं, असं सगळ्यांनी धरून चालावं यात त्यांची काय चूक? भेटायला येणाऱ्या बायका धनश्रीच्या छातीवर चोरून एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "अगदी पहिल्यासारखी दिसतेस गं." छाती सपाट होती तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली तरी कुणी काही म्हणत नसे. आता नुसती गप्प बसली तरी घरचे विचारायचे, "आता काय झालं?" दुःखाला जागा होती ती भरून टाकली होती, आणि तिला मात्र अजून रडायचं होतं. आंघोळीच्या वेळी ती नळ मोठा सोडायची आणि रडून घ्यायची. बाहेर आली की अभिनंदन विचारायचा, "औषध घेतलंस?" एवढंच. त्यानं तिच्या खांद्यालासुद्धा हात लावला नव्हता, आणि तिनंही कधी त्याचा हात ओढून घेतला नव्हता.

एक सुख मात्र आलं. स्नेहल बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. धनश्रीला स्वतःचं मूल नव्हतं. एका दुपारी स्नेहलनं आंघोळीला जाताना बाळ तिच्याकडे दिलं. धनश्रीनं नेहमीच्या सवयीनं ते डावीकडं घेतलं, आणि त्या लहानशा अंगाची ऊब तिच्या छातीत उतरली. खरीखुरी, मऊ, पसरत जाणारी ऊब. तिला इतका आनंद झाला की ती हललीसुद्धा नाही. स्नेहल परत आली तर वहिनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"वैनी, काय झालं? जड वाटतंय का बाळ?"

"नाही गं. राहू दे अजून थोडा वेळ."

मग रोजचंच झालं ते. बाळ झोपायचं ते मामीच्या डाव्या बाजूला. धनश्री मनाशी म्हणायची, एवढ्यासाठी सगळं सोसलं, ते वाया गेलं नाही.

सव्वा महिन्यानं स्नेहल बाळाला घेऊन इचलकरंजीला सासरी गेली. घर ओकंओकं झालं. त्या पौषात थंडीही अशी पडली की दुपारी उन्हात बसलं तरी पाठ गार लागावी. धनश्रीला खोकला झाला होता, म्हणून ती रजा घेऊन घरी होती. आक्कानं गरम पाण्याची रबरी पिशवी भरून दिली. "छातीला शेक," म्हणाली आणि बस्तीत गेली.

धनश्रीनं पिशवी छातीशी धरली, आणि डाव्या बाजूला बाळ आलं.

अगदी तेच. तीच मऊ, पसरत जाणारी ऊब. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिनं पिशवी उजवीकडं धरली तर चटका बसला, कारण पाणी कढत होतं. पुन्हा डावीकडं धरली, तर पुन्हा बाळ. हे कसं, असा प्रश्न तिच्या मनात आला, तो तिनं बाजूला सारला. बाळाची फार आठवण येत होती. ती पिशवी तशीच डावीकडं उराशी धरून खुर्चीत बसून राहिली, डोळे मिटून, कितीतरी वेळ.

संध्याकाळी आक्काला तिच्या ब्लाऊजवर ओला डाग दिसला. बघते तर कातडी लाल होऊन मोठा फोड आलेला आणि फुटलेला.

"अगं भाजलंय की! तुला कळलं न्हाई व्हय?"

"पाणी जरा जास्त गरम होतं, आक्का. लक्षात नाही आलं."

दुसऱ्या दिवशी घरी कुणाला न सांगता ती मिरजेला गेली. नौशीननं फोडावर मलम लावलं आणि मग तिला डोळे मिटायला सांगितलं.

"आता मी काय लावते ते सांगायचं."

"ऊब आहे," धनश्री म्हणाली.

"आणि आता?"

"ऊबच."

"आणि हे?"

"तेच."

"डोळे उघडा," नौशीन म्हणाली. तिच्या हातात बर्फ होता, टेबलावर कापूस होता आणि सुई होती. पोरीचं हसू मावळलं होतं. "तुम्ही मला प्रत्येक वेळी हो म्हणालात, मॅडम. पहिल्याच खेपेला. यंत्राला दुसरं काही करून बघायची वेळच आली नाही. जे येईल त्याला ऊब म्हणायचं, एवढंच शिकलं ते."

धनश्री बर्फाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "बाळाची ऊब? ती पण?"

नौशीननं बर्फ खाली ठेवला. म्हणाली, "ती पण. बाळाच्या जागी तांब्या ठेवला असता तरी तेच जाणवलं असतं."

दीड महिना ज्या एका गोष्टीवर ती जगली होती, ती तिच्या स्वतःच्याच खोट्या 'हो'नं केलेली होती. स्तन गेला तेव्हा रडली नसेल तितकी ती त्या पलंगावर बसून रडली, आणि या वेळी आडोशाला नळाचा आवाजही नव्हता.

नौशीननं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "चूक तुमची एकटीची नाही. यंत्राला फक्त हो हवं असतं. मलाही हो आवडतं, माझं काम लवकर संपतं. मी ओळखायला हवं होतं. पण आता ऐका. हे असंच ठेवलं तर उद्या तिथं पुन्हा भाजेल, जखम होईल, पू होईल, तुम्हाला कळणार नाही. आत पुन्हा काही वाईट वाढलं आणि दुखायला लागलं, तरी तुम्हाला ते सुखाचंच वाटेल."

"बदलता येईल?"

"होळीपर्यंत. नंतर वीण पक्की होईल. पण सगळं पुसावं लागेल. पुसलं की आधी काहीच जाणवणार नाही. मग परत येईल ते आधी वेडंवाकडं, दुखरं येईल. काही भाग कदाचित कायमचा मुका राहील. आणि या वेळी तुम्हाला खरं सांगावं लागेल, मॅडम. माझ्या मनासारखं नको. कुणाच्याच मनासारखं नको."

धनश्री घरी आली तर अंगणात मोठी पातेली घासून उपडी घातलेली. येत्या रविवारी आक्काच्या नियमाची सांगता होती. भावकीला निरोप गेले होते.

तिनं चार दिवस काढले. एकदा वाटलं, रविवारी म्हणून टाकावं आणि मग गुपचूप मिरजेला जावं. एक वाक्य तर बोलायचं, 'मी बरी झाले.' एका वाक्यानं म्हातारीच्या तोंडात दोन वर्षांनी गोड पडेल. आणि जाळी पुसायची तरी कशाला? ऊब काय वाईट आहे? बाळ संक्रांतीला येईल, पुन्हा डावीकडं झोपेल. तांब्याचीच ऊब, पण ऊबच ना. असं ती स्वतःला समजवायची, आणि मग आंघोळीच्या वेळी त्या फोडावर बोट ठेवायची. फोड लाल होता, हुळहुळा दिसत होता, आणि बोटाखाली गोड वाटत होता. त्याचीच तिला भीती वाटायला लागली.

रविवार उजाडला. सोप्यात सतरंज्या घातलेल्या, भावकी जमलेली. स्वयंपाकघरात आक्का खिरीच्या पातेल्यापुढं बसून ढवळत होती. गूळ, खोबरं, खसखस. घरभर वास सुटला होता. तिनं पळीभर खीर वाटीत काढली आणि सुनेला जवळ बोलावलं.

"बाहीर म्हणायचंच हाय सगळ्यांम्होरं," ती जरा लाजत म्हणाली. "पर आदी मला एकटीला म्हण. कान आसुसल्यात माझं."

धनश्री तिच्यासमोर खाली बसली.

"आक्का, मी बरी झालेली नाही."

आक्काला वाटलं सून थट्टा करते. मग तिनं तोंडाकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली.

"मला त्या बाजूला काही कळत नाही," धनश्री म्हणाली. एकदा सुरू झालं तसं तिला थांबवता येईना. "बर्फ लावला तरी ऊब, सुई टोचली तरी ऊब. त्या दिवशी भाजलं तेही कळलं नाही. तिथं मी सगळ्याला हो म्हटलं. तुम्ही समोर हात जोडून बसला होता, तुमचं गोड सुटावं म्हणून हो म्हटलं. आणि आक्का, जे काढून टाकलं त्याचं मला अजून वाईट वाटतं. रोज वाटतं. नवं बसवलं म्हणून ते संपलं नाही. सगळे म्हणतात पहिल्यासारखी झालीस. मी नाही झाले."

पातेल्यात खीर बुडाला लागायला लागली. धनश्रीचा हात सवयीनं पळीकडं गेला.

"लागू दे," आक्का म्हणाली. "म्हंजे माझा नियम तुझ्या मानंवर बसला हुता."

"तसं नाही, आक्का."

"आता परत माझ्या मनासारखं बोलू नगंस. बसला हुता का न्हाई?"

धनश्रीनं मान खाली घातली. "बसला होता."

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. सोप्याच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खीर तयार हाय. समद्यांनी पोटभर खाऊन जावा. मी खाणार न्हाई. माझा नियम अजून हाय."

"का वं?" एक चुलत जाऊ म्हणाली. "सून तर बरी झाली की."

"न्हाई झाली अजून. आणि तिला कुणी 'बरी झालीस न्हवं' म्हणून इचारायचं न्हाई. मी पन न्हाई इचारणार."

पंगत वाढायला पत्रावळ्या घेऊन निघालेला अभिनंदन जागच्या जागी थांबला. पत्रावळ्या कुणाच्या तरी हातात देऊन तो स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं. चारचौघांत धनश्री त्याला 'अहो' म्हणायची, दोघंच असली की 'अभि'.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस, अभि. तू तर बघतसुद्धा नाहीस."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. "मला भीती वाटायची. माझे हात हे असे. हात लावला आणि तुला दुखलं तर?"

"दुखलं असतं तर फार बरं झालं असतं," धनश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघंही मिरजेला गेली. नौशीननं जाळी पुसली आणि मग बाळाची ऊबही गेली. उरलं ते काहीच नाही.

पुढचे आठवडे अवघड होते, ते सांगून कळणार नाही. नौशीन बर्फ लावायची आणि विचारायची, "काय जाणवतंय?" धनश्री म्हणायची, "काहीच नाही." कापूस, काहीच नाही. सुई, काहीच नाही. एवढे दोन शब्द आक्कासमोर, अभिनंदनसमोर पुन्हा पुन्हा बोलायचे. सुरुवातीला प्रत्येक वेळी तिला 'माफ करा' म्हणावंसं वाटायचं. मग ते वाटेनासं झालं. मग तिला राग यायला लागला, आणि तो तिनं दाखवलाही. एकदा ती नौशीनच्या अंगावर ओरडली, "नाही म्हटलं ना! किती वेळा विचारशील?" नौशीन म्हणाली, "आता कशा माझ्या बाकीच्या बायकांसारख्या झालात."

दवाखान्यात तोंड उघडलं ते घरीही मिटेना. अभिनंदनच्या घोरण्यानं झोप होत नाही, हे त्याला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. बस्तीतून आल्या आल्या आक्का जो रेडिओ मोठ्यानं लावायची, त्यानं सुनेचं डोकं उठतं, हे आक्काला कळलं. तिनं एक दिवस फुगून घेतलं आणि मग रेडिओ बारीक केला. आणि एका दुपारी धनश्री जेवता जेवता मध्येच रडायला लागली, तेव्हा कुणी 'काय झालं' विचारलं नाही. आक्कानं तिचं ताट झाकून ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

मग माघाच्या शेवटी वरच्या बाजूला झिणझिण्या आल्या. मग खाज. मग गार म्हणजे थोडंसं गार. खालचा भाग मात्र मुकाच राहिला. तो तसाच राहणार, हे नौशीननं स्पष्ट सांगितलं आणि धनश्रीनं ऐकून घेतलं.

होळी जवळ आली होती. त्या दिवशी नौशीननं सुई, बर्फ सगळं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आज घरच्या माणसाचा हात. साहेब, तुम्ही या."

अभिनंदन दाराशी होता. तो पुढं आला. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. आक्कानं खुर्ची जरा वळवून घेतली, पण खोलीबाहेर गेली नाही. नौशीननं धनश्रीला डोळे मिटायला सांगितलं. अभिनंदननं हात ठेवला. दोन वर्षांनी.

"काय जाणवतंय?" नौशीननं विचारलं.

मिटलेले डोळे धनश्रीनं आणखी घट्ट आवळले.

"खरखरीत," ती म्हणाली. "हात खरखरीत आहे याचा. गार आहे. आणि..." तिच्या कपाळावर आठी आली. "आई गं. टोचतंय. दुखतंय मला. अभि, नखं केवढी वाढलीत तुझी, कापत का नाहीस?"

त्यानं घाईनं हात मागं घेतला.

"काढू नको," धनश्री म्हणाली. "राहू दे."

त्यानं पुन्हा हात ठेवला, या वेळी बोटं उचलून, नुसता तळवा. धनश्रीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. सासूसमोर आपण नवऱ्याला 'अभि' म्हटलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आक्कानं ते ऐकलं होतं. तिनं मांडीवरची कापडी पिशवी उघडली आणि आतून एक लहान डबी काढली. खिरीच्या त्या रविवारपासून ती डबी रोज पिशवीत घालून आणत होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. डबीत गुळाचे खडे होते.

डबीचं झाकण वाजलं तशी धनश्रीनं डोळे उघडले. "आक्का, थांबा. मी अजून बरी झाले नाही."

"ठाव हाय मला," आक्का म्हणाली. "दुखालंय म्हणालीस की. मला तेवढं बास झालं."

तिनं एक खडा तोंडात टाकला. दात कमी झाले होते, म्हणून ती तो बराच वेळ चघळत राहिली. मग डबी सुनेपुढं धरली आणि म्हणाली, "घे. तू पन खा जरा."